बगळ्याने न नेलेलं पाकीट

माणसाला दोन कान असतात हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण ते दोन्ही दिसले पाहिजेत, याची काळजी त्या गावात एकाच माणसाने वाहिली, आणि तीही एकेचाळीस वर्षं. नोंदणी कचेरीसमोर आठ बाय दहाचा स्टुडिओ. आत पांढरा पडदा, गरागरा फिरवून वरखाली होणारं स्टूल, खिळ्याला टांगलेला निळा कोट आणि त्याच खिळ्याला दोरीने बांधलेला कंगवा. दोरी येण्याआधी सात कंगवे गिऱ्हाइकांबरोबर निघून गेले होते. स्टुलावर बसलेल्या जिवाला एकच मंत्र मिळे: "मान थोडी खाली. थोडी म्हटलं. हं. हलू नका!" म्हणून गाव त्यांना हलूनका म्हणे. त्यांना खरं नावही होतं, पण ते विजेच्या बिलाशिवाय कोणी वापरत नसे.

पडद्यामागे त्यांची बायको बसे. चेहऱ्यावरचे डाग, पुटकुळ्या, देवीचे व्रण हे तिचं खातं. आधी बारीक कुंचल्याने आणि पुढे कॉम्प्युटरवर, तिने अर्ध्या गावाची तोंडं स्वच्छ करून दिली होती. गावातली कितीतरी लग्नं तिच्या हाताने जुळली आणि तिच्याच हाताने काही दिवस कुरकुरली.

मग कचेऱ्यांनी आपापल्या खिडकीतच कॅमेरे बसवले. आता माणूस खुर्चीला नीट टेकायच्या आत फोटो निघतो, आणि त्यात तो नुकताच पकडल्यासारखा दिसतो. हलूनकांनी स्टुडिओला कुलूप घातलं आणि स्टूल घरी आणलं.

"आता याच्यावर काय ठेवायचं?" बायकोने विचारलं.

"मला," हलूनका म्हणाले, आणि बसले. तीन महिने उठले नाहीत.

त्यांना उठवलं ते मेहुण्याने. हा बायकोचा धाकटा भाऊ. नोकरीत असताना इमारतींचे नकाशे काढायचा. निवृत्त झाल्यावर त्याने दुधाच्या कॅनएवढी एक लेन्स घेतली आणि ती कडेवर घेऊन तो हिवाळाभर तलावाकाठी फिरू लागला. "दाजी, चला," तो म्हणाला, "पक्ष्यांचे फोटो काढू. मोकळी हवा, निवांत फिरणं."

"पक्षी स्टुलावर बसतात का?"

"नाही."

"मग स्टूल मी घेतो," हलूनका म्हणाले. आणि खरंच बगलेत स्टूल मारून निघाले.

तलावावर दर रविवारी सकाळी सात-आठ जणांचं मंडळ जमे. त्यांच्या म्होरक्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, आणि म्हणताना पाठ सरळ करत. बाईंकडे जाडजूड हजेरीपट होता आणि त्यात त्या पक्ष्यांची हजेरी घेत. टिबुकली हजर. खंड्या हजर. धोबी गैरहजर, कारण कळवलेलं नाही.

बाकीचे लोक फोटो काढत ते असे: सूर्य उगवतोय, पाण्यावर सोनं सांडलंय आणि मधोमध एक काळा ठिपका. ठिपका म्हणजे पक्षी. नाहीतर मग उडणाऱ्या बदकाचं शेपूट, चौकटीबाहेर जाता जाता सापडलेलं. मेहुण्याकडे अशी चारशे शेपटं होती.

"अरे, पण हा आहे कोण?" हलूनका विचारत.

"दाजी, हा मूड आहे."

"मूडला ओळखपत्र मिळत नाही."

ते स्वतः लव्हाळ्यांत स्टूल रोवून बसत आणि पक्षी त्यांच्याकडे बघेपर्यंत थांबत. पक्ष्याचे कान पिसांत झाकलेले. म्हणून कानांऐवजी चोचीची डावी बाजू पूर्ण दिसली पाहिजे, असा नियम त्यांनी स्वतःच मांडला आणि स्वतःच मंजूर केला. उभी चौकट, खांद्यापासून वर, नजर स्थिर, मागे धुक्याचा पांढरा पडदा. त्यांच्या फोटोतला खंड्या कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केल्यासारखा दिसे.

"दाजी, तुमच्या टिबुकलीला परदेशी जायला काही अडचण नाही हं," मेहुणा म्हणे.

"येणारच नाही," हलूनका म्हणत. थट्टा त्यांना कळायची. पण ती मनावर घेण्याइतकी शंका त्यांना स्वतःबद्दल कधी आली नव्हती.

त्यांचं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे पश्चिमेच्या कोपऱ्यातला राखी बगळा. पाण्यात अर्धं बुडालेलं एक वठलेलं झाड होतं, त्यावर तो नोव्हेंबरात येऊन उभा राही तो फेब्रुवारीत जाई. मधल्या काळात रोज दहाच्या आत हजर होण्यापलीकडे काहीही करताना कोणी त्याला फारसं पाहिलं नव्हतं, म्हणून मंडळात त्याला हेडक्लार्क म्हणत.

आणि याच कोपऱ्यावर या वर्षी उद्यानखात्याचा डोळा गेला. तिथे पायडलच्या होड्या सोडायचं ठरलं. होड्या बदकाच्या आकाराच्या. म्हणजे खरी बदकं उठवायची आणि त्यांच्या जागी प्लास्टिकची बसवायची. ती सांगाल तिकडे जातात, हा त्यांचा मोठा गुण. बाईंनी लेखी हरकत घेतली. खात्याचं उत्तर आलं: येणारे-जाणारे पक्षी काय, कुठेही बसतील. पण एकच पक्षी दर हिवाळ्यात त्याच जागी मुक्कामाला येतो असं दाखवून दिलंत, तर ती त्याची राहती जागा धरू आणि चार महिने कोपरा बंद ठेवू. बाईंनी आठ हिवाळ्यांचा हजेरीपट पाठवला. त्यावर खात्याने एका ओळीत विचारलं, "बगळा हजर होता हे मान्य. कोणता बगळा?"

मंडळाची बैठक बसली. सगळ्यांनी आपापले फोटो चाळले. सोनं भरपूर होतं, शेपटं भरपूर होती, चेहरा एकाचाही नव्हता. कोपरा जाणार हे जवळजवळ ठरल्यासारखं झालं, तेव्हा मागून स्टूल कुरकुरलं.

"माझ्याकडे आहे," हलूनका म्हणाले. "मागच्या जानेवारीतला आणि या डिसेंबरातला. तोच बगळा. त्याच्या चोचीवर डावीकडे कोयरीसारखा काळा डाग आहे. एकेचाळीस वर्षं तोंडं ओळखली मी. आणि काही जणांसारखा," इथे त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं, कारण मेहुणा घरी जाऊन फोटोतलं पाणी जांभळं करत असे, "मी चेहऱ्याला हात लावत नाही."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खात्याला कळवलं; रविवारी पाहणीला माणूस पाठवतो, असं उत्तर आलं. आता कोपरा वाचायचा तो या एका शब्दावर.

रविवार उजाडला तो धुक्यातच. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते हे बदकांनाही नीट कळत नसावं. ती चाचपडत पोहत होती. हलूनका स्टूल घेऊन आले, आणि त्यांच्याबरोबर बायकोही आली. डिसेंबरात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून ती घरातच होती. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात चहाचा थर्मास.

"ताई, तू कशाला आलीस थंडीत?" मेहुणा म्हणाला.

"बघायला. इतकी वर्षं सगळ्यांचे फोटोच बघितले. एखादा माणूस समोरून बघावा म्हटलं."

"माणूस नाही गं, बगळा."

"तेच."

उद्यानखात्याच्या मॅडम स्कूटरवरून आल्या. कोट, हातमोजे, टोपी आणि नाकापर्यंत गुंडाळलेला मफलर. मधल्या फटीतून फक्त दोन डोळे आणि चष्मा. बगलेत फाईल.

"चला," मफलर म्हणाला. "कुठे आहे तुमचा रहिवासी?"

मंडळी काठाकाठाने निघाली. घाई कोणालाच नव्हती. शेकाट्या आपल्या लांबलचक तांबड्या पायांनी चिखलात असा चालत होता, जणू नवे बूट घालून लग्नाला निघालाय. पाणकावळ्याने पंख पसरून वाळत घातले होते. मेहुण्याने दोन शेपटं मिळवली. बाई हळू आवाजात हजेरी घेत होत्या आणि मॅडम मुकाट्याने सगळं बघत होत्या.

हलूनका मात्र अस्वस्थ होते. बायकोच्या कानाशी म्हणाले, "बाईमाणूस कसं आहे कळत नाही. चेहराच दिसत नाही."

"थंडी आहे अहो."

"थंडी आहे म्हणून काय झालं? निकाल देणाऱ्याचा चेहरा दिसायला नको?"

पश्चिमेचा कोपरा आला. लव्हाळी होती, पाणी होतं, वठलेलं झाड होतं. झाडावर कोणी नव्हतं.

"आज रजेवर?" मॅडमनी विचारलं.

बाईंचं पेन हजेरीपटावर थबकलं. गैरहजर लिहायला हात होईना. "दहा वाजायचेत अजून," त्या म्हणाल्या. "तो वेळेवर येतो."

"हरकत नाही," हलूनका म्हणाले, आणि त्यांनी स्टूल मांडलं. "गिऱ्हाईक उशिरा आलं म्हणून फोटो थांबत नाहीत." त्यांनी कोटाच्या खिशातून दोन पांढरी पाकिटं काढली. स्टुडिओची जुनी पाकिटं, कोपऱ्यावर कॅमेऱ्याचं चित्र. "हे मागच्या जानेवारीचं. हे या डिसेंबरचं."

पहिलं पाकीट वर्षभर ड्रॉवरमध्ये होतं. बायकोने नेहमीसारखं फोटो छापून, पाकिटात घालून, वर तारीख टाकून ठेवलं होतं. न्यायला कोणी आलं नाही इतकंच. दुसरं हलूनकांनी स्वतः बाजारातून छापून आणलं, कारण तेव्हा बायकोच्या डोळ्यांवर पट्टी होती. दोन्ही पाकिटं त्यांनी उघडून बघितली नव्हती. पाकीट गिऱ्हाइकाने उघडायचं, हा दुकानाचा रिवाज. एकेचाळीस वर्षांत त्यांनी तो मोडला नव्हता आणि बगळ्यासाठी मोडायचं काही कारण नव्हतं.

मॅडमनी हातमोजे काढले. दोन्ही फोटो फाईलवर शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"काका, हे दोन बगळे आहेत."

"एकच आहे. डाग बघा."

"तेच बघतेय. एकाला आहे. दुसऱ्याला नाही."

हलूनका स्टुलावरून उठले. डिसेंबरातला हेडक्लार्क डागासकट, करारी चेहऱ्याने बघत होता. जानेवारीतल्याची चोच मात्र नुकत्याच घासलेल्या पितळी पळीसारखी लखलखत होती. हलूनकांनी फोटो बघितला, मग हळूच बायकोकडे बघितलं. ती काळ्या चष्म्यातून पाण्याकडे फार लक्ष देऊन बघत होती.

"अगं."

"काय?"

"याचा डाग?"

"काढला."

"काढला?"

"मग काय करू? समोर चेहरा आला, त्याच्यावर डाग दिसला, हात गेला. एवढं गोरंगोमटं पाखरू, तोंडाला काळं घेऊन कुठे जाणार होतं?"

मेहुण्याने लेन्स खाली ठेवली; असा क्षण उघड्या डोळ्यांनी बघायचा असतो. "दाजी, चेहऱ्याला हात लावत नाही म्हणालात ना?"

"मी लावला नाही," हलूनका म्हणाले. हे शंभर टक्के खरं होतं आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. ते टिक् असं वाजलं आणि सगळ्या कोपऱ्याला ऐकू गेलं. धुक्यात कुठेतरी प्लास्टिकची बदकं पायडल मारत जवळ येत असल्यासारखं सगळ्यांना वाटून गेलं.

"आतल्या घडीत बघा," बायको म्हणाली.

"काय?"

"तुम्ही नाही हो. मॅडम, तुम्ही. त्या पाकिटाला आत एक घडी असते. न धुतलेला, म्हणजे डाग न काढलेला फोटो तिथे आहे."

मॅडमनी दोन बोटं घातली आणि तिसरा फोटो बाहेर आला. तोच जानेवारी, तीच मान, तेच धुकं, आणि चोचीवर कोयरीसारखा काळा डाग. मागे तारखेचा शिक्का. डिसेंबरातल्या फोटोशेजारी ठेवला तर डागाचं टोकसुद्धा त्याच बाजूला वाकलेलं.

"झालं तर!" मेहुणा ओरडला. दोन टिबुकल्या पाण्यात गडप झाल्या.

"काय झालं?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "एकाच पाकिटात एकाच पक्ष्याचे दोन चेहरे आहेत. यातला खरा कोणता, हे मी कसं धरू? डाग काढता येतो, तसा घालताही येतो. माझे साहेब मला पहिलं हेच विचारतील."

प्रश्न रास्त होता. बाई हजेरीपट चाळायला लागल्या. मेहुणा, ज्याने पाणी जांभळं केलं होतं, तो खाली बसून लेन्स पुसायला लागला. हलूनकांनी मात्र घसा साफ केला. गिऱ्हाईक अडून बसलं की ते असंच करायचे.

"मॅडम, एकेचाळीस वर्षं दुकान चालवलं. लोक आले. काका, सुरकुत्या काढा. काका, टक्कल झाका. काका, मला माझ्या भावासारखा करा. एक जण फोटोतून सासऱ्यांना काढा म्हणाला. सासरे शेजारी उभे होते. पण एक माणूस, एक, असा आला नाही की काका, माझ्या तोंडावर छानसा डाग घाला. डाग घालतात कसा, हे आम्हाला येत नाही हो. हिला विचारा."

"नाही येत," बायको म्हणाली. "कोणी शिकवलंच नाही."

मफलरच्या आत काहीतरी हललं. हसू असेल किंवा खोकला. "आणि ही आतली प्रत? ती का ठेवता?"

"ती एका पोरीमुळे," बायको म्हणाली, आणि बोलता बोलता थर्मासमधून चहा ओतून तिने पेला मॅडमपुढे केला. "बावीस वर्षं झाली असतील. परीक्षेच्या अर्जाला फोटो काढायला आली. सायकलवरून पडलेली, हनुवटीवर एवढा व्रण. मी काढला तो. प्रेमाने काढला. आणि परीक्षेच्या दिवशी दारावरच्या माणसाने तिला आत सोडलं नाही. म्हणाला, फोटोतली मुलगी तू नाहीस. रडत दुकानात आली बिचारी. हे उठले, गिऱ्हाईक स्टुलावर तसंच सोडलं, मूळ निगेटिव्ह घेऊन तिच्याबरोबर पळत गेले आणि दारावर सांगितलं, व्रण आम्ही काढलाय, पोरगी तीच आहे. तेव्हापासून पाकिटात एक धुतलेला आणि घडीत एक न धुतलेला. दुकान बंद झालं, पण हाताची सवय कुठे बंद होते? बगळ्यालाही दोन ठेवले."

चहा गार होत होता. मॅडमनी पेला घेतला आणि पिण्यासाठी मफलर खाली ओढला.

हलूनकांनी सकाळपासून पहिल्यांदाच सुटकेचा श्वास सोडला. चेहरा दिसला होता. त्यांनी मान थोडी तिरकी करून बघितलं, जसं ते पडद्यासमोर बघायचे.

"हनुवटी, डावीकडे," ते म्हणाले. "निळा कोट तुम्हाला मोठा झाला होता. मागून चिमटे लावले होते."

"टोचत होते चिमटे," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी चहाचा घोट घेतला आणि आवाज पुन्हा फाईलवर आणला. "ओळख दाखवू नका काका. मी कामावर आहे."

"आम्ही कुठे दाखवली? तुम्हीच मफलर काढलात."

"सकाळी स्टूल बघितलं तेव्हाच ओळखलं होतं मी. म्हणूनच तोंड झाकून होते. पण माझ्या साहेबांना ओळख नको, कारण हवं." त्यांनी फाईल गुडघ्यावर घेतली आणि लिहायला लागल्या. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: "दोन हिवाळ्यांचे, न धुतलेले फोटो पाहिले. खूण एकच. धुतलेल्या प्रतीत खूण काढलेली आहे, घातलेली नाही. सदर छायाचित्रकार खुणा काढतात व विचारल्यास कबूल करतात, याचा अनुभव आहे." इथे पेन थांबलं. "आता फक्त रहिवासी प्रत्यक्ष दिसला पाहिजे. त्याशिवाय सही नाही."

सगळ्यांनी झाडाकडे बघितलं. झाड रिकामं. बाईंनी घड्याळ बघितलं: दहाला पाच मिनिटं. आठ हिवाळे त्यांनी त्याला कधी टोकलं नव्हतं, म्हणून आज टोकावं का, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"तोवर तुमचं ओळखपत्र बघू," हलूनका म्हणाले.

"माझं? कशाला?"

"बघू तर."

गळ्यातलं कार्ड त्यांनी पुढे केलं. खिडकीतल्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो. एक कान कापलेला, डोळे अर्धे मिटलेले, चेहरा नुकताच पकडल्यासारखा. हलूनकांनी ते हातभर लांब धरून बघितलं.

"ही दोन माणसं आहेत," ते म्हणाले. "बसा."

"अहो काका, आत्ता?"

"मागे पांढरा पडदा आहे, उजेड सगळीकडून सारखा आहे, स्टूल रिकामं आहे. आणखी काय पाहिजे? कान दिसू द्या. टोपी काढा."

मॅडम बसल्या. स्टूल जरा बुटकं होतं. हलूनकांनी ते त्यांच्यासकट गरकन एक फेरा फिरवून वर घेतलं. बायकोने पुढे होऊन त्यांचे केस कानामागे सारले. मग हात हनुवटीजवळ आला आणि तिथेच थांबला.

"हा ठेवायचा ना?"

"ठेवा काकू. आता सगळे मला त्याच्यावरूनच ओळखतात."

हलूनका डोळ्याला कॅमेरा लावून वाकले, आणि नेमका तेव्हाच धुक्यातून तो आला. संथ, रुंद पंखांचा, मान घडी घालून घेतलेला. त्याच क्षणी सूर्यानेही धुक्याला भोक पाडलं आणि खरोखरचं सोनं पाण्यावर सांडलं. मंडळातले सगळे कॅमेरे तिकडे वळले. मेहुण्याची तोफ गडगडायला लागली. "दाजी! दाजी, इकडे बघा! असा फोटो जन्मात मिळणार नाही!"

"त्याचा काढलाय," हलूनका मागे न बघता म्हणाले. "रांगेत आता या मॅडम आहेत."

बाईंनी दुर्बीण डोळ्याला लावली. हेडक्लार्कने फांदीवर पाय टेकले, पंख मिटले, चोच सरळ केली आणि डावी बाजू काठाकडे केली.

"डाग आहे!" बाईंचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत गेला असता. दहाला दोन मिनिटं कमी होती. त्यांनी टोपण काढून ठळक अक्षरांत लिहिलं: हजर.

मॅडमनी फाईलकडे हात नेला. सही करायची होती.

"सही नंतर," हलूनका म्हणाले. "मान थोडी खाली. थोडी म्हटलं. हं. हलू नका!"

कोणीच हललं नाही. बगळाही हलला नाही. पण तो तसाही हलत नसे.